आधारविधान आणि आवार : दिल्लीच्या जागाविषयक कायद्यांतून तर्काचा एक पाठ



स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात 'प्रिमाइसेस' हा इंग्रजी शब्द दोन अगदी वेगळ्या पानांवर भेटतो. तर्कक्षमतेच्या प्रश्नांत त्याचा अर्थ 'ज्या विधानांच्या आधारे निष्कर्ष काढला जातो ती विधाने', म्हणजे आधारविधाने, असा असतो. भाडेनियंत्रण कायदा, महापालिका कायदा किंवा वस्तू व सेवा कर यांच्या अभ्यासात मात्र तोच शब्द जागा, आवार, गाळा, इमारत अशा अर्थाने येतो. एका शब्दाचे हे दोन अर्थ योगायोगाने जमलेले नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'आधी पाठवलेले', 'अगोदर मांडलेले' असा आहे. तर्कशास्त्रात जे अगोदर मांडले जाते ते आधारविधान. इंग्रजी खरेदीखतांत आरंभी मिळकतीचे संपूर्ण वर्णन देऊन पुढे प्रत्येक वेळी 'उपरोक्त' या अर्थाने हाच शब्द लिहिला जाई. दस्तऐवजात उपरोक्त गोष्ट म्हणजे बहुधा घर किंवा जमीन असल्याने कालांतराने त्या शब्दाचा अर्थच घर-जमीन असा होऊन बसला.

मराठी दस्तऐवज वाचणाऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा सांगून झाली की मराठी खतातही पुढे 'सदरहू मिळकत' एवढेच येते. 'सदरहू' या शब्दाने मागची सर्व माहिती उचलून पुढे आणली जाते. फरक एवढाच की मराठीत 'सदरहू' शब्द विशेषणच राहिला, त्याचे घर झाले नाही.

या व्युत्पत्तीकडे केवळ भाषिक गंमत म्हणून पाहून चालणार नाही. चतुःसीमा चुकीची लिहिली असेल तर पुढच्या दहा कलमांतील 'सदरहू' कितीही बिनचूक असो, व्यवहार अडचणीत येतो. युक्तिवादाचेही तसेच आहे. तर्कशास्त्र युक्तिवादाची 'युक्तता' आणि विधानांची 'सत्यता' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. महापालिका हद्दीतील प्रत्येक दुकानाला परवाना आहे. हा गाळा महापालिका हद्दीतील दुकान आहे. म्हणून या गाळ्याला परवाना आहे. हा युक्तिवाद आकाराने निर्दोष आहे, कारण आधारविधाने सत्य मानली तर निष्कर्ष टाळता येत नाही. परंतु पहिले विधान कोणत्याही शहरात सत्य असण्याची शक्यता कमी, म्हणून हा निष्कर्ष विश्वासार्ह नाही. आणखी एक भेद परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा. आधारविधान उघडपणे मांडलेले असते. गृहीतक हे न मांडलेले, परंतु ज्यावाचून निष्कर्ष उभा राहत नाही असे आधारविधान असते. प्रश्नपत्रिकेत गृहीतक शोधायला सांगतात, ते या अदृश्य दुव्यासाठी.

भारतीय न्यायपरंपरेने अनुमानाची मांडणी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांत केली आणि सदोष हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, वर्गीकरणही केले. गौतमाच्या न्यायसूत्रांतील पाच हेत्वाभासांपैकी शेवटचा 'कालातीत' या नावाचा आहे. वेळ टळून गेल्यावर पुढे केलेला हेतू, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. भाष्यकारांनी त्याचा जो तांत्रिक अर्थ लावला तो पुष्कळ मर्यादित आहे, आणि नंतरच्या नैयायिकांनी त्याच्या जागी 'बाधित' हेत्वाभास मानला. तरीही हे नाव स्मरणात ठेवण्याजोगे आहे. एकेकाळी सत्य असलेले आधारविधान काळाच्या ओघात असत्य होते आणि त्यावर उभारलेला नियम मात्र तसाच चालू राहतो, अशी स्थिती सार्वजनिक जीवनात वारंवार येते. दिल्लीतील दुकानांच्या जागांचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

टंचाईचे आधारविधान

१९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती सुमारे १७ लाख ४४ हजार झाली. या वाढीतील मोठा वाटा फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांचा होता. घर मिळेना, दुकानाला गाळा मिळेना, अशा शहरात मालकाला हवे ते भाडे मागण्याची आणि हवे तेव्हा भाडेकरूला बाहेर काढण्याची मुभा ठेवणे अन्यायाचे ठरले असते. १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्यामागे हे वास्तव होते. स्वतंत्रपणे भाड्याने दिलेली किंवा देण्यासाठी असलेली इमारत वा तिचा भाग, मग तो निवासासाठी असो, व्यापारासाठी असो की अन्य कारणासाठी, अशी 'जागे'ची व्याख्या या कायद्याने केली. तिच्यात बाग, मोकळे आवार, बाहेरची खोली, इतकेच नव्हे तर मालकाने पुरवलेले सामानसुमानही धरले. हॉटेल वा लॉजमधील खोली मात्र वगळली.

व्याख्येत घर व दुकान एकत्र नांदत असले तरी पुढे कलम १४ मध्ये त्यांची वाट वेगळी झाली. मालकाला स्वतःसाठी किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयासाठी जागेची खरीखुरी गरज असेल, तर भाडेकरूला निष्कासित करता येईल, अशी तरतूद त्या कलमात होती. परंतु ती निवासासाठी दिलेल्या जागेपुरतीच होती. राहत्या घराची गरज पडलेला मालक न्यायालयात जाऊ शकत होता. आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर मुलाला दुकान काढून देऊ इच्छिणाऱ्या मालकाला मात्र या कारणाने आपला गाळा परत मागता येत नव्हता.

येथे थांबून युक्तिवाद मांडून पाहिला पाहिजे. टंचाईच्या काळात भाडेकरूच्या उपजीविकेला संरक्षण हवे. दिल्लीत व्यापारी जागांची टंचाई आहे. म्हणून व्यापारी भाडेकरूला मालकाच्या गरजेपासूनही संरक्षण हवे. यातील दुसरे विधान वस्तुस्थितीचे आहे. त्याला तारीख आहे, जरी कायद्याच्या पुस्तकात ती छापलेली नसली. शिवाय येथे एक गृहीतकही दडलेले आहे : दुकानावर भाडेकरूची उपजीविका अवलंबून असते, मालकाची नसते. १९५८ मध्ये यावर फारसा वाद झाला नसता.

याच कायद्यातून १९८५ साली आणखी एक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला. ज्ञानदेवी आनंद विरुद्ध जीवनकुमार या नावाने तो प्रसिद्ध आहे. दिल्लीतील एका दुकानाच्या भाडेकराराची मुदत संपलेली होती आणि केवळ कायद्याच्या संरक्षणावर जागा धारण करणारा भाडेकरू मरण पावला. त्याच्या वारसांना ते संरक्षण मिळते का? १९७६ च्या दुरुस्तीने निवासी जागेपुरते उत्तर दिले होते : मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या ठरावीक वारसांनाच आणि मर्यादित संरक्षण. दुकानांविषयी कायदा गप्प होता. घरासाठी मर्यादित वारसाहक्क दिला, म्हणून दुकानासाठी तो मुळीच नाही, असा अर्थ काढण्याचा मोह येथे होतो. परीक्षेतही असा पर्याय नेहमी दिलेला असतो आणि अनेकजण तो निवडतात. घटनापीठाने तो स्वीकारला नाही. घरावर मर्यादा घातली आणि दुकानावर घातली नाही, तर दुकानाचा वारसाहक्क सर्वसाधारण नियमाप्रमाणे अमर्याद राहतो, असे न्यायालयाने ठरवले. धंदा उभा करण्यास वर्षे लागतात, त्यावर कुटुंब जगते, आणि कर्त्या पुरुषाच्या मृत्यूबरोबर तो धंदा रस्त्यावर यावा असा संसदेचा हेतू मानता येत नाही, हा विचार त्यामागे होता. मात्र त्याच निकालात न्यायालयाने दुसऱ्या बाजूकडेही लक्ष वेधले. व्यापारी जागेची स्वतःला गरज असलेल्या मालकाचा विचार विधिमंडळाने करावा, असे तेथे सुचवले आहे.

विधिमंडळाने तो पूर्ण विचार केला नाही. १९८८ च्या दुरुस्तीने दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागा कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के भाडेवाढीची सोय केली. जुन्या बाजारपेठांतील अल्प भाड्याच्या दुकानांना याचा फारसा स्पर्श झाला नाही. पुढे संसदेने संपूर्ण नवा असा १९९५ चा दिल्ली भाडे कायदा संमत केला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर तो अमलात आणण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. निष्कर्ष लिहून तयार होता, फक्त तो कोणत्या दिवसापासून लागू, हे सांगणारी ओळ आली नाही.

अखेर १६ एप्रिल २००८ रोजी सत्यवती शर्मा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ मधील घर-दुकान हा भेद राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवला. (कलम आणि अनुच्छेद यांचा क्रमांक एकच असल्याने उत्तरपत्रिकेत गोंधळ होतो, सावध राहावे.) न्यायालयाने १९५८ चे आधारविधान चुकीचे होते असे म्हटले नाही. करताना वाजवी असलेला कायदा काळाच्या ओघात आणि बदललेल्या परिस्थितीत मनमानी स्वरूपाचा होऊ शकतो, असे म्हटले. मधल्या पन्नास वर्षांत दिल्लीत व्यापारी इमारतींची उपलब्धता पुष्कळ वाढली होती. टंचाईचे विधान ढासळले, तेव्हा त्यावरील भेदालाही आधार उरला नाही. न्यायालयाने संपूर्ण तरतूद रद्द न करता निवासी वापराचा उल्लेख करणारे शब्द तेवढे वगळले. परिणामी व्यापारी जागेचा मालकही खऱ्या गरजेच्या कारणाने निष्कासन मागू शकतो. ती गरज त्याला सिद्ध मात्र करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसरी वाजवी जागा नाही हेही दाखवावे लागते.

असाच मार्ग न्यायालयाने महाराष्ट्राच्या बाबतीत आधीच चोखाळला होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलेले होते. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या डिसेंबर १९९७ च्या निकालात ही गोठवण आता वाजवी राहिली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने तरतुदी रद्द केल्या नाहीत. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वार्षिक ४ टक्के भाडेवाढ आहे, आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, तसेच एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना संरक्षणच नाही. येथे भेद जागेच्या वापरावरून केलेला नाही, भाडेकरूच्या ऐपतीवरून केलेला आहे. दुर्बलाला संरक्षण हे मूळ तत्त्व मान्य केल्यास हा भेद अधिक सुसंगत ठरतो.

घरातले दुकान

दिल्लीतील दुसरा वाद जागा कोणाची यापेक्षा जागा कशासाठी, याचा होता. १९६२ च्या पहिल्या दिल्ली महायोजनेने शहराची विभागणी निवासी, व्यापारी, औद्योगिक अशा वापरांनुसार केली. तिच्या मुळाशी राहण्याची आणि धंद्याची जागा वेगळी असावी हे गृहीतक होते. चांदणी चौकापासून पुण्याच्या पेठांपर्यंत 'खाली दुकान, वर बिऱ्हाड' ही रीत ज्या देशात शतकानुशतके चालत आली, तेथे हे गृहीतक उघडपणे तपासून घ्यायला हवे होते. परंतु घराच्या भिंतीपलीकडे गोदाम, उपाहारगृह वा जनित्र सुरू झाल्यावर झोप उडणाऱ्या शेजाऱ्याचा विचार केला, तर त्या गृहीतकातही तथ्य आहे.

एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात निवासी जागांच्या व्यापारी वापराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १६ फेब्रुवारी २००६ रोजी न्यायालयाने अशा जागांना टाळे ठोकण्याचे आदेश दिले. २४ मार्च रोजी के. जे. राव, भुरे लाल आणि मेजर जनरल (निवृत्त) सोम झिंगन यांची देखरेख समिती नेमण्यात आली व महिनाअखेरीस मोहीम सुरू झाली. या निकालातील एक मुद्दा तर्काच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. महापालिका कायद्यात टाळे ठोकण्याचा अधिकार अनधिकृत 'उभारणी'बाबत होता. घराचे दुकान करताना तर एक वीटही हलवावी लागत नाही. मग हा अधिकार कसा लागू होणार? वरवर पाहता येथे 'उभारणी' या मध्यपदाचा दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापर, म्हणजे चार पदांचा दोष, दिसतो. पण कायद्यानेच 'इमारत उभारणे' या संज्ञेच्या व्याख्येत, दुकान म्हणून न बांधलेल्या इमारतीचे दुकानात रूपांतर करणे समाविष्ट केले होते. न्यायालयाने या व्याख्येकडे बोट दाखवले आणि मध्यपद एकार्थी ठरले. कायद्यातील शब्दाचा अर्थ शब्दकोशात न शोधता व्याख्येच्या कलमात आधी शोधावा, तो यासाठी.

व्यापाऱ्यांच्या बाजूने जे मांडले जात होते त्यातही बळ होते. वर्षानुवर्षे धंदा चालू आहे, वीज व्यापारी दराने आहे, कर घेतला जातो, मग आजच तो बेकायदा कसा? या युक्तिवादातील गृहीतक असे की ज्यावर शासन कर घेते त्याला शासनाची अनुमती असते. हे गृहीतक टिकत नाही. कर वस्तुस्थितीवर आकारला जातो, अनुमती नियमावरून मिळते. मात्र त्यांचे दुसरे म्हणणे इतक्या सहजासहजी मोडता येत नव्हते. महायोजनेने धंद्यासाठी वेगळी जागा असेल असे सांगितले. जमिनीचा विकास करण्याचा अधिकार एकाच प्राधिकरणाकडे ठेवला. आणि शहराच्या वाढीच्या मानाने व्यापारी जागा तयारच झाल्या नाहीत. 'दुकान व्यापारी जागेत असावे' या विधानाला 'अशी जागा उपलब्ध आहे' या दुसऱ्या विधानाची जोड लागते, आणि ती जोड येथे सदोष होती. नियम मोडणाऱ्याच्या दोषाइतकाच तो नियम करणाऱ्या यंत्रणेचाही दोष होता, असेच म्हणावे लागेल.

बंद, मोर्चे आणि निदर्शने झाली. सप्टेंबर २००६ मध्ये सीलमपूर येथे झालेल्या गोळीबारात माणसे दगावली. संसदेने मे २००६ मध्ये विशेष तरतुदींचा कायदा करून कारवाईला एक वर्षाची स्थगिती दिली. सप्टेंबरमध्ये २,१८३ रस्त्यांवर व्यापारी वा संमिश्र वापर अधिसूचित झाला, आणि ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या 'दिल्ली महायोजना २०२१' मध्ये संमिश्र वापराला रीतसर स्थान मिळाले. रोजच्या गरजेच्या ठरावीक वस्तूंची २० चौरस मीटरपर्यंतची लहान दुकाने निवासी इमारतीच्या तळमजल्यावर चालवण्यास तिने मुभा दिली. म्हणजे १९६२ चे गृहीतक पंचेचाळीस वर्षांनी अंशतः मागे घेतले गेले. तात्पुरती म्हणून दिलेली संरक्षणाची मुदत मात्र वेळोवेळी वाढत राहिली; डिसेंबर २०१७ पासून मोहीम पुन्हा जोरात आली, आणि २०२३ मधील दुरुस्तीने संरक्षणाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली.

यमुनेपलीकडे नोएडात याच प्रश्नाचे उत्तर वेगळे आले. निवासी सेक्टरांतील बँका व शुश्रूषागृहे यांच्याविषयीच्या आर. के. मित्तल प्रकरणात ५ डिसेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील महायोजनेला असा वापर मान्य नसल्याने तो बंद करण्याचा आदेश दिला. दिल्लीतल्या अधिसूचित रस्त्यावर जे चालते ते काही किलोमीटरवरील नोएडात चालत नाही, यात विसंगती नाही. दोन्हीकडे मोठे आधारविधान म्हणजे त्या त्या शहराची योजना आहे, आणि त्या दोन योजना वेगळ्या आहेत.

पत्ता हेच विधान

उद्योगजगतात जागेचे आणखी एक रूप आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार प्रत्येक कंपनीला नोंदणीकृत कार्यालय असावे लागते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी व्यवसायाचे मुख्य ठिकाण सांगावे लागते. अर्जातील पत्ता हे केवळ ठिकाण नसते. 'येथे व्यवसाय चालतो' असे ते विधान असते आणि नोटीस बजावणे, कर आकारणे, कर्ज देणे असे पुढचे अनेक निष्कर्ष त्यावर उभे राहतात. येथे 'प्रिमाइसेस'चे दोन्ही अर्थ एका ओळीत एकत्र येतात. पत्ता खोटा असेल तर बनावट बीजके काढून न भरलेल्या कराची वजावट उचलता येते, आणि कागदावर प्रत्येक पायरी बिनचूक दिसते. म्हणूनच १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बनावट नोंदण्यांविरुद्ध देशव्यापी विशेष मोहीम घेण्यात आली. वस्तू व सेवा कराच्या नियम २५ मध्ये व्यवसायाच्या जागेच्या प्रत्यक्ष पडताळणीची तरतूद आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्ये २०१८ साली भर घालून, कंपनी रीतसर व्यवसाय करत नसल्याचे मानण्यास वाजवी कारण असेल तर निबंधकाला नोंदणीकृत कार्यालयाची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा अधिकार दिला गेला. अधिकारी तेथे जातो तेव्हा फलक, कर्मचारी, हिशेबाची पुस्तके यांतले काय आहे आणि काय नाही, एवढेच पाहतो. काहीच नसेल, तर निबंधक त्या कंपनीचे नाव नोंदवहीतून वगळण्याची कारवाई सुरू करू शकतो.